मुकादम जनुकाचं बिंग

१

रजिस्टर चोरीला गेल्याची बातमी संस्थेत सगळ्यांत आधी अशा लोकांनी पसरवली, ज्यांनी ते जन्मात उघडून पाहिलं नव्हतं. हळहळही त्यांनीच जास्त केली.

तळघरातल्या मोठ्या फ्रीजरशेजारच्या खिळ्याला ते दोरीने बांधलेलं असायचं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. तीन वर्षांत आलेली रक्ताची प्रत्येक नळी किती वाजता आली, किती वाजता गोठवली, अशा नुसत्या वेळा त्यात लिहिलेल्या. आज सकाळी खिळा होता, दोरी होती, दोरीचं टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं आणि रजिस्टर नव्हतं.

साडेनऊ वाजता संचालकांनी चहाच्या खोलीत चाळीस माणसांसमोर गुन्हेगार जाहीरही करून टाकला. फ्रीजर सांभाळणाऱ्या ताई. एकोणीस वर्षं त्या तळघरात काम करत होत्या, आणि एकोणीस वर्षांत संचालकांनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहण्याची ही पहिलीच खेप होती.

पावणेदहाला टाचणीबाई पोचल्या. त्या संख्याशास्त्राच्या. दुसऱ्यांच्या संशोधनाची तपासणी करणं हे त्यांचं काम, आणि जिथे फुगा फुगलेला दिसेल तिथे त्या हमखास जातात म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. नाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते बदलायचा प्रयत्न केला नव्हता.

"मॅडम, अगदी वेळेवर आलात," संचालक म्हणाले. "संस्था म्हणजे एक कुटुंब असतं. कुटुंबातच कुणी असं वागलं की..."

संस्थेच्या कुटुंबात निदान एक नातं खरं होतं. नमुने गोळा करण्याची व्यवस्था पाहणारे गृहस्थ संचालकांचे जावई होते. त्यांना सगळे तोंडावर 'सर' आणि मागे 'जावईबापू' म्हणत.

बाईंना बोलावलं होतं ते मात्र रजिस्टरसाठी नाही. संस्थेने चौऱ्याऐंशी रुग्णांचं आणि चाळीस निरोगी माणसांचं रक्त घेऊन सांधे धरणाऱ्या एका आजाराचं मॉडेल बनवलं होतं. पेशीतल्या हजारो जनुकांपैकी कोण कोणाला चालू करतं, कोण कोणाला गप्प करतं, याचं जाळं कॉम्प्युटरवर विणायचं. मग त्या जाळ्यातलं एकेक जनुक खोटंखोटं बंद करून बघायचं. जे बंद केल्यावर आजारी पेशी निरोगी पेशीसारखी वागू लागते, त्याच्यावर औषध शोधायचं. मॉडेलने असं एक जनुक काढून दिलं होतं. तीनशे जनुकं त्याच्या शिट्टीवर कामाला लागतात म्हणून त्याचं नाव पडलं 'मुकादम'. मुकादमावर भाषणं झाली, बक्षिसं आली, आणि परवा तो औषध कंपनीच्या स्वाधीन व्हायचा होता.

फक्त एक अडचण होती. रुग्णांच्या ताज्या रक्तात प्रयोग केला तेव्हा मुकादम मुळी कामावर आलेलाच नव्हता. तीनदा केला, तीनदा गैरहजर. म्हणून कराराप्रमाणे मॉडेल तपासायला बाईंना बोलावलं होतं.

"या फ्रीजरवाल्या ताईंनीच पेशी नासवल्या," संचालक म्हणाले. "आणि ते उघडं पडू नये म्हणून रजिस्टर गायब केलं. उद्या चार वाजता समिती बसेल. निर्णय झाल्यासारखाच आहे."

"मग बसते कशाला?" बाईंनी विचारलं.

त्या तळघरात उतरल्या आणि खिळ्यावरची दोरी हातात घेतली. गाठ सरकफाशाची होती, एका बोटाने ओढली की सुटणारी. ताई ती रोज दहा वेळा सोडत आणि बांधत असणार. जिने गाठ बांधली, तिला कात्री कशाला लागेल?

२

ताई फ्रीजरच्या दाराला टेकून उभ्या होत्या, जणू कुणी तोही उचलून नेईल.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"खुर्ची वर नेली त्यांनी. म्हणाले, चौकशी होईपर्यंत इथल्या कशाला हात लावायचा नाही. खुर्चीलासुद्धा."

"ताज्या पेशी तुम्ही नासवल्यात का?"

"नाही. माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे, बाई. चौऱ्याऐंशीत तिचीही नळी आहे. बोटं अशी झालीत तिची." त्यांनी मूठ अर्धी वळवून दाखवली. "तिच्या रक्ताचं मी मातेरं करेन? माझी नोकरी जाईल, ठीक. पण नासवणारी म्हणून जाईल. मग मला कोण दारात उभं करणार?"

"रजिस्टरमध्ये असं काय होतं की कुणाला ते नको असेल?"

"वेळा होत्या. नळी आली ती निळ्या शाईत, गोठवली ती लाल शाईत. माझ्या निळ्या-लालमध्ये दहा मिनिटांवर कधी गेलं नाही."

"आणि दवाखान्यात रक्त काढल्याची वेळ?"

"ती नळीच्या चिठ्ठीवर असायची. मी तीही रजिस्टरमध्ये लिहून घ्यायची. चिठ्ठ्या जावईबापू घेऊन जायचे, कॉम्प्युटरवर चढवतो म्हणायचे." ताईंच्या ओठांच्या कडा किंचित खाली गेल्या. "दवाखान्यात रक्त सकाळी निघायचं. माझ्याकडे यायचं कधी तीनला, कधी पाचला. तीनदा वर जाऊन सांगितलं की हे बरं नाही. तर मला म्हणाले, ताई, तुम्ही गोठवा, विचार करायला आम्ही आहोत."

"कोण म्हणालं?"

"तिन्ही वेळा वेगळा माणूस होता," ताई म्हणाल्या. "वाक्य तेच."

३

जावईबापूंच्या टेबलावर काही नव्हतं. टेबल इतकं स्वच्छ ठेवायला एक तर फार काम करावं लागतं, नाहीतर अजिबात नाही.

"वेळा? हो हो, चढवायच्या आहेत कॉम्प्युटरवर. पेंडिंग आहे ते," ते म्हणाले.

"किती वर्षांपासून?"

"मॅडम, मी मोठं चित्र बघणारा माणूस आहे."

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या... टेबल आवरताना गेल्या असतील."

"रुग्णांचं रक्त इतक्या उशिरा का यायचं?"

"गाडी एकच आहे हो. सकाळी ती घरच्या कामाला असते. हिचा नृत्याचा क्लास, मग मुलांची शाळा, मग आईंचा व्यायाम." 'आई' म्हणजे सासूबाई. "जेवणं झाली की मग गाडी दवाखान्याकडे. एकही नळी फुटली नाही आजवर!"

"निरोगी लोकांचं रक्तही गाडीनेच यायचं?"

"छे! ते तर इथलेच सगळे. शेजारच्या खोलीत घेतलं, खाली दिलं, पाच मिनिटांत गोठलं." त्यांनी बाही वर केली. "माझंही आहे त्यात. डॉक्टर म्हणाले, असं निरोगी रक्त क्वचित बघायला मिळतं."

बाईंनी त्या दंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

वरच्या मजल्यावर मॉडेल बनवणारा बसायचा. त्याला विणकर म्हणत, आणि त्याला वाटायचं हे कौतुकाने म्हणतात. चौतिशीचा, हुशार. एक वाक्य सुरू केलं की त्यात तीन वाक्यं शिरायची आणि एकही बाहेर यायचं नाही. भिंतीवर चादरीएवढं त्याच्या जाळ्याचं चित्र होतं. हजारो ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा, मधोमध लाल मुकादम.

"रजिस्टर तुम्ही कधी पाहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मी? मी खाली उतरतच नाही, मॅडम. त्या गारठ्यात शिंका येतात मला. मी आकड्यांत राहतो."

"वेळांचे आकडे मागवले नाहीत?"

"नळी दुपारी आली की संध्याकाळी, याचा एवढ्या मोठ्या प्रणालीच्या समग्र गतिशीलतेवर, म्हणजे तुम्ही जर एकूण जाळ्याचा स्वभाव लक्षात घेतलात, तर आकड्यांतला जो गोंगाट असतो तो..."

"नाही मागवले," बाईंनी लिहून घेतलं.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक जागा मोकळी होती. बाकी सगळीकडे ठिपक्यांची दाटी, आणि तिथे टक्कल पडल्यासारखं.

"इथे काय झालंय?"

"ते? मांडणी कॉम्प्युटर करतो, मॅडम. सौंदर्यदृष्टी म्हणा."

बाईंना जाळ्यांचं सौंदर्य कळत नसे. पण तीस वर्षं जाळी बघून त्यांना एक गोष्ट कळली होती. जाळं आपणहून कधी फाटत नाही.

४

रक्तातली जनुकं वाचणारं मशीन तळघरातच होतं, आणि ते वाचलेलं सगळं स्वतःकडे ठेवून घ्यायचं. मशीनला कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती. बाईंनी त्याच्याकडची मूळ यादी काढली आणि विणकराच्या जाळ्यातल्या यादीशेजारी ठेवली.

एकतीस जनुकं कमी होती.

मशीनने ती वाचली होती, सगळ्या नळ्यांमध्ये. जाळ्यात मात्र त्यांचा मागमूस नव्हता. त्यांतली बावीस बाईंनी वाचताक्षणी ओळखली. रक्त शरीराबाहेर पडलं की घाबरून पेटणारी ही जनुकं, कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. तापट माणसासारखा त्यांचा स्वभाव, पाऊण तासात भडकतात आणि दोन तासांत थंड. पुस्तक उघडून ही बावीस कुणीही वगळली असती. काही चांगले लोकही वगळतात.

उरलेली नऊ कुठल्याच पुस्तकात नव्हती. बाईंनी सगळीकडे शोधलं. नऊच्या नऊ अगदी साधी, आपापल्या कामाशी काम ठेवणारी जनुकं. वीस हजारांतून नेमकी हीच नऊ उचलून बाहेर टाकायला कुणाला सुचलं, आणि कशावरून?

बाईंना एक शंका आली. शंका त्यांना आवडत, पण तपासल्यावर.

"ताई," त्या म्हणाल्या, "उद्या चारपर्यंत तुम्ही इथल्याच आहात ना?"

"अजून काढलेलं नाही."

"मग माझ्या जबाबदारीवर कामाला लागा. चार रिकाम्या नळ्या घ्या. आणि वर जाऊन सांगा, संस्थेला असं निरोगी रक्त हवंय जे क्वचित बघायला मिळतं."

जावईबापू स्वतःहून धावत आले. बारा वाजता रक्त निघालं. एक नळी लगेच गोठवली. बाकी तीन टेबलावर ठेवल्या, अगदी गाडीत असत तशा. एक दोन वाजता गोठवली, एक चारला, एक सहाला. रात्रभर मशीन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद बाहेर आला, तेव्हा टाचणीबाई तो उभ्यानेच वाचायला लागल्या. मग खाली बसल्या. मग हसल्या, आणि त्यांना हसताना पाहून ताईंना पहिल्यांदा भीती वाटली.

"काय झालं, बाई?"

"जावईबापू आजारी पडलेत," बाई म्हणाल्या. "सहा तासांत. टेबलावर."

५

समितीत तीन सभासद होते आणि तिघांचीही मान एकाच दिशेने हलायची. संचालक मधोमध बसले. जावईबापूंच्या दंडाला पट्टी होती, ती दिसावी अशी त्यांनी बाही दुमडली होती. विणकर खिडकीपाशी. ताई दाराशी उभ्या, कारण खुर्च्या मोजून मांडल्या होत्या. टाचणीबाईंनी आपली खुर्ची उचलून ताईंना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"बारा वाजताच्या नळीत मुकादम झोपलेला आहे," त्यांनी सुरुवात केली. "दोनला कूस बदलतो. चारला उठतो. सहाला शिट्टी वाजवत उभा. ही सहाची नळी मी तुमच्याच मॉडेलला दिली. मॉडेल म्हणतं, रुग्ण. शंभरात सत्त्याण्णव खात्री."

संचालकांचा चेहरा पडला. "म्हणजे आमच्या जावयांना हा आजार..."

"नाही. त्यांच्या नळीला उशीर झालाय, एवढंच. तसाच तो तुमच्या चौऱ्याऐंशी रुग्णांच्या नळ्यांना झाला होता. निरोगी लोकांच्या नळ्या पाच मिनिटांत गोठल्या, रुग्णांच्या चार ते सहा तास पडून राहिल्या. मॉडेलला दोन ढीग दिसले. त्याने प्रामाणिकपणे फरक शोधला. तो फरक आजाराचा नव्हता. तीन वर्षं तुम्ही सगळे मिळून वाट बघण्यावरचं औषध शोधत होतात."

एका सभासदाची मान सवयीने हलली आणि मग कुणाच्या बाजूने हलावं ते न कळून थांबली.

"ताज्या रक्तात मुकादम का सापडला नाही, तेही कळलं असेल. त्या वेळी रुग्णांना इथेच बोलावलं होतं, आणि ते रक्त ताईंनी पाच मिनिटांत हातात घेतलं होतं. नीट काम केलं म्हणून त्या गुन्हेगार ठरल्या."

"पण मग रजिस्टर?" जावईबापू घाईने म्हणाले. "मी नाही हं! गाडीचं ठीक आहे, पण कात्री वगैरे..."

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यात दिलासा कमी होता. "तुम्हाला रजिस्टर चोरण्याइतकं महत्त्वाचं वाटलंच नसतं. संचालकसाहेबांनाही नाही, ते कुठे असतं हेच त्यांना काल कळलं. ताईंना ते चोरून नुकसान होतं, त्या निर्दोष असल्याची साक्ष त्यातच होती. आता जाळ्याच्या चित्रातल्या त्या टकलाकडे येऊ."

विणकर बाईंकडे नाही, जमिनीकडे बघत होता.

"जाळ्यातून एकतीस जनुकं काढलीत. त्यांतली बावीस पुस्तकातली, ती सोडून देते. उरलेली नऊ हे बघा." त्यांनी कागद टेबलावर सरकवला. "जावईबापूंच्या चार नळ्यांमध्ये ही नऊ एकेक पायरी चढतात. दोनला एक, चारला दोन, सहाला तीन. घड्याळाच्या काट्यासारखी. ही जाळ्यात राहिली असती, तर मुकादम आजारामागे नाही, तासांमागे धावतोय हे कुणालाही दिसलं असतं. म्हणून ती गेली. प्रश्न एवढाच की ती ओळखली कशी?"

"गोंगाट काढणं ही मान्य पद्धत आहे," विणकर म्हणाला. शास्त्रावरचं त्याचं बहुधा सगळ्यांत लहान वाक्य. "ती नऊ त्या बावीसांवरून सापडतात."

"नाही सापडत. बावीस दोन तासांत थंड होतात. चार तास थांबलेली नळी आणि सहा तास थांबलेली नळी त्यांना सारखीच. नऊ जनुकं तासातासाने चढतात हे ओळखायला प्रत्येक नळीचे तास समोर लागतात. चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या. कॉम्प्युटरवर काही कधी चढलंच नाही, ते पेंडिंग आहे. तास जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते, खाली, निळ्या आणि लाल शाईत. आणि जाळ्याला हात लावण्याची परवानगी एकाच माणसाला आहे, जो शिंकांच्या भीतीने खाली उतरत नाही."

विणकराने डोळे चोळले.

"बक्षीस आधी मिळालं होतं," तो म्हणाला. "वेळांचं मला नंतर कळलं, गेल्या वर्षी. ताई आठवडाभर रजेवर होत्या तेव्हा मी खाली बसून सगळ्या नळ्यांचे तास उतरवून घेतले. वाटलं, निदान मुकादम तरी खरा निघेल. नाही निघाला, तेव्हा ती नऊ काढून टाकली. मग तुम्ही येणार असं कळलं. तुम्ही पहिल्यांदा रजिस्टरच मागितलं असतंत."

"हो. कुठे आहे ते?"

"घरी. कपाटावर. टाकून नाही देता आलं. फार नीट लिहिलंय ते."

ताई खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "सगळं वाचलंत?"

"पहिल्या पानापासून."

"चला," ताई म्हणाल्या. "तीन वर्षांत कुणीतरी वाचलं. ते चोरच निघाले, एवढंच."

६

समिती पांगल्यावर संचालकांनी दार लावून घेतलं आणि आवाजात लोणी आणलं. "मॅडम, ही तशी घरातली बाब. कंपनीला उद्या थोडं थांबा म्हणू. ताईंना आम्ही काढत नाही. मग अहवालात एवढं सगळं..."

"अहवाल गेला," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे आणि कंपनीकडे एकाच वेळी. तुमच्याच करारात तसं लिहिलंय. वाचलं नसेल."

संचालकांनी मग ताईंकडे मोर्चा वळवला. "ताई, झालं गेलं विसरा. उद्यापासून कामावर या. नाही, आजपासूनच या."

"येते," ताई म्हणाल्या. "पण काल तुम्ही चाळीस जणांसमोर बोललात. आज दार लावून बोलताय."

"त्याचं काय एवढं?"

"तुमचं काही नाही, साहेब. माझं आहे. त्या चाळीस जणांच्या लेखी मी अजून नासवणारीच आहे. मला रोज त्यांच्यातून खाली उतरायचंय."

संचालकांनी टाचणीबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीत कागद भरत होत्या आणि मदतीला येण्याची कुठलीही चिन्हं दाखवत नव्हत्या.

चहाची खोली पाच मिनिटांत भरली. अशा बातम्यांना गाडी लागत नाही. जावईबापू पट्टी झाकून मागे उभे राहिले. संचालक पुढे आले, त्यांनी घसा खाकरला, आणि ज्या आवाजात ते पाहुण्यांचं स्वागत करत त्या आवाजात म्हणाले, "मित्रहो, काल एक छोटासा गैरसमज..."

"गैरसमज नाही," ताई म्हणाल्या. त्या दाराशीच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. "चूक."

"बरं, चूक म्हणा. तर चूक झाली, आणि..."

"कुणाची?"

संचालकांनी जावयाकडे पाहिलं. मग विणकराच्या रिकाम्या जागेकडे. मग छताकडे, जणू तिथे अजून एखादा उमेदवार मिळेल. चाळीस माणसं, ज्यांनी काल तितक्याच शांतपणे उलटं ऐकलं होतं, आज हे ऐकायला वाकली होती. टाचणीबाईंना त्यांचंही फार कौतुक वाटलं नाही.

"माझी," संचालक म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. पुढच्या रांगेला जेमतेम कळलं असेल.

"ऐकू आलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं.